अध्यक्षांचा डावा पाय

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. ही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. आईला वाचता येत नाही, तेव्हा तशी काळजी नाही.

नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे उठणे. व्यायाम. बिडी कायमची बंद. गोड बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे गुडघ्याखाली उरलेला पाय रोज संध्याकाळी स्वच्छ धुणे, कोरडा करणे, आरसा धरून सगळ्या बाजूंनी बघणे, मोजा रोज बदलणे. वजन वाढू न देणे. अवघड काहीच नाही. माणसाला शिस्त पाहिजे, आणि ती माझ्यात जन्मापासून आहे.

संध्याकाळी.
पार्सल ऑफिसात नव्या वर्षाचे पेढे होते. साहेबांनी स्वतः हातावर ठेवले. नाही म्हणणं नोकरीत बसत नाही. संकल्प उद्यापासून. सोमवारी सुरू केलेलं टिकतं.

२ जानेवारी, सोमवार.
आज ड्यूटी फार.

३ जानेवारी, मंगळवार.
पार्सलच्या पेट्यांवर चिठ्ठ्या डकवताना एकदम विचार आला. दोन वर्षांपूर्वी यार्डात शंटिंगच्या वेळी माझा डावा पाय डब्याखाली गेला. रेल्वेनं लाइट ड्यूटी दिली, पुण्यानं लाकडी पाय दिला. पायाबरोबर चामडी पट्टे आणि तपकिरी बूट आला. आमच्या क्वार्टर्समध्ये रविवारीसुद्धा बूट घालून बसणारा तो एकटाच, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो. हे सगळं मी किती सहज पेललं. पण दौंडातल्या इतर अपंगांचं काय? त्यांना आरोग्याचं कोण सांगणार? स्वतःचं स्वतः करायला कोण शिकवणार?

तेव्हा मंडळ. ‘दौंड अपंग आरोग्य व स्वावलंबन मंडळ’. सभासद म्हणून भैरू, म्हणजे रेल्वेच्या खुर्च्यांना वेत विणतो तो. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. दुसरी साखरबाई, बाजारात बांगड्या विकते. लहानपणापासून एक पाय बारीक, काठी घेऊन चालते. अध्यक्ष हौसराव रणपिसे. निवड एकमताने झाली. बाकीचे दोघे अजून आलेले नव्हते.

८ जानेवारी, रविवार.
विहारात पहिली बैठक. विषय: ‘आपले काम आपल्या हाताने’. बोलायला उभा राहिलो तर भाषणाचा कागद घरी. आई पळत जाऊन घेऊन आली. मग घसा कोरडा पडला, आईनं तांब्या आणला. मध्ये साहेबांचा एक पट्टा सुटला, तो आईनं बसल्या बसल्या आवळला. भाषण फार रंगलं.

साखरबाईनं शेवटी विचारलं, टाळ्याबी आईच वाजवनार का. बायकांना दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही. मंडळाच्या नियमात सभासदांची वागणूक हा मुद्दा घालायला हवा.

१० जानेवारी, मंगळवार.
पहाटे उठायचं म्हणून आईला उठवायला सांगून ठेवलं होतं. तिनं उठवलं. तिला म्हटलं उद्या उठव.

११ जानेवारी, बुधवार.
कालच्या ‘उद्या’चंही तेच झालं. पुढचं बघू.

बिडीच्या बाबतीत मात्र प्रगती. बंडल डोळ्यांसमोर असलं की मोह होतो, म्हणून ते साहेबांच्या आत, खाली जी पोकळी आहे तिथं टाकून दिलं. काडेपेटीसकट. आता ओढायची म्हटलं तर आधी अख्खा पाय काढावा लागतो. इतका कडक बंदोबस्त दौंडात कुणी केला नसेल. आज चारदा पाय काढला.

१४ जानेवारी, शनिवार.
संक्रांत. शेजारून गुळपोळ्या आल्या. वरून तूप. परत पाठवल्या तर शेजार तुटतो. मनाचं आरोग्यही आरोग्यच असतं.

१९ जानेवारी, गुरुवार.
विचित्र प्रकार. साहेब घट्ट व्हायला लागलेत. सकाळी पाय आत जाताना चांगलाच झगडा झाला. बराच विचार केल्यावर कारण सापडलं. थंडी. थंडीत लाकूड आटतं. पुण्याच्या लोकांनी दौंडच्या हवेचा अभ्यास न करता पाय बनवला, ही मूळ चूक.

खंडू सुताराकडे गेलो, आतून थोडा तासून दे म्हटलं. त्यानं साहेब हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पायाला काय झालेलं न्हाई म्हणाला. अडाणी माणसाशी वाद काय घालायचा. घरी येऊन मीच तोड काढली. आत घालायचा जाड लोकरी मोजा काढून टाकला, पातळ घातला. साहेब मापात बसले. डोकं असलं की सुतार लागत नाही.

२२ जानेवारी, रविवार.
दुसरी बैठक. विषय: ‘व्यसनमुक्ती’. मध्येच भैरू उठून म्हणाला, अध्यक्षांच्या पायातून बिडीचा वास येतो. साखरबाई हसायला लागली. मी शांतपणे खुलासा केला, की पायाला वार्निश लावलेलं असतं, त्याचा वास तसाच येतो. भैरूला पटलं. बैठक संपल्यावर बाजूला येऊन म्हणाला, वाईच दोन वार्निश मलाबी द्या. दिल्या. सभासदाचं मन राखावं लागतं.

२६ जानेवारी, गुरुवार.
आज झेंडावंदनाहून आलो तर घरी सोपानमामा बसलेला. स्थळ घेऊन आलाय. शिरूरचं. मुलगी अंजना, बालवाडी चालवते. लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कामाचा नाही. वडील शंकरराव एसटी डेपोत कंट्रोलर. मामानं फोटो दिला.

मुलगी सरळ फोटोग्राफरच्या डोळ्यांत बघत बसलीय. खालमान वगैरे काही नाही. डावा हात लपवलेलासुद्धा नाही, मांडीवर तसाच ठेवलाय. मला ती फार आवडली. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, दुपारपासून तो फोटो मी शर्टाच्या खिशात घालतोय आणि काढतोय. दोन वर्षांत आईनं पाच ठिकाणी शब्द टाकला, पाचही ठिकाणी पायाचं नाव निघाल्यावर बोलणं संपलं. हे स्थळ जाता कामा नये.

बघायला १९ फेब्रुवारीला जायचं. तोवर काठीशिवाय ताठ चालायला शिकणार. आणि मी तिला प्रश्न विचारणार. एका हातानं वेणी घालता का, भाकरी थापता का, आरोग्याचे नियम पाळता का. मंडळाच्या अध्यक्षाला असं डोळे झाकून हो म्हणता येत नाही. तिच्या जागी मी असतो तर या प्रश्नांची तयारी आत्तापासून केली असती.

२ फेब्रुवारी, गुरुवार.
पायाच्या टोकाला लाल चट्टा आलाय. खाजतं. आई म्हणाली दाखव. म्हटलं आता मी लहान आहे का. आरशात बघणार होतो, पण आरसा दाढीच्या खिळ्याला अडकवलेला आहे आणि तो सारखा काढला तर खिळा ढिला होतो.

५ फेब्रुवारी, रविवार.
प्लॅटफॉर्मवर चालण्याचा सराव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काठीशिवाय. गार्ड लोकांनी कौतुक केलं. शेवटी एका हमालानं हातगाडीवर बसवून घरी सोडलं, तो त्याच बाजूला चालला होता म्हणून.

१२ फेब्रुवारी, रविवार.
चट्टा उघडा पडलाय. मोजा थोडा चिकटतो. वर पावडर टाकली, सुगंध चांगला येतो. सराव थांबवला तर सवय मोडेल, म्हणून थांबवला नाही. साहेबांच्या बुटाला पॉलिश केलं, आतल्या बाजूला शाईनं ‘हौ. रणपिसे, पार्सल ऑफिस, दौंड’ असं नाव घातलं. लग्नाच्या मांडवात चपला-बूट फार हरवतात, आत्तापासून सावध राहावं.

मंडळाची बैठक तहकूब. अध्यक्षांना काम आहे असं कळवलं.

१८ फेब्रुवारी, शनिवार.
सगळी तयारी झाली. आई आणि मामा उद्या पहिल्या गाडीनं पुढे जाणार. मी सकाळची ड्यूटी करून मागून एकटा. आई म्हणाली थांबते की, बरोबर जाऊ. मी स्पष्ट सांगितलं, स्वावलंबन मंडळाचा अध्यक्ष आईचा पदर धरून मुलगी बघायला जात नसतो. एक कुबडी तेवढी असू दे म्हणाली. घेतली, तिच्या समाधानासाठी.

२० फेब्रुवारी, सोमवार. रजेवर.
काल बऱ्याच गोष्टी घडल्या. क्रमानं लिहितो.

एसटीला गर्दी होती पण खिडकी मिळाली. पाटस येईपर्यंत साहेबांनी चावून चावून नको केलं. म्हटलं उतरताना चढवू, म्हणून पट्टे सोडून पाय काढला आणि बाकाखाली उभा केला. फार हलकं वाटलं. वरवंडला गाडी थांबली. स्टँडसमोर कांदाभज्यांचा घाणा चालला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मुलीकडे जाऊन अधाशासारखं खाणं वाईट दिसतं, म्हणून कुबडी घेऊन खाली उतरलो. भजी कागदात बांधून घेतोय तोवर कंडक्टरनं घंटी मारली. मी हाक मारली, पण तोंडात भजं होतं.

गाडी गेली. साहेब गाडीत.

नगरला निघालेल्या कांद्याच्या ट्रकवाल्यानं मला वर घेतलं. पोत्यांवर बसून न्हावरा मागे पडेपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवलं. पाय दुरुस्तीला टाकलाय, थंडीनं आटल्यामुळे. यात खोटं फारसं नव्हतं.

शंकररावांचं घर डेपोच्या मागेच आहे. उशीर झाला होता, पण एकानंही उशिराचं कारण विचारलं नाही. पायाचंही नाही. किती सुसंस्कृत माणसं, असं मनात आलं. आईचे डोळे रडल्यासारखे लाल होते. मामा भिंतीकडे बघत होता. मग मी बोलायला लागलो. रोज संध्याकाळी पाय धुतो. रोज आरशात बघतो. मोजा रोजचा वेगळा. बिडी पहिल्या तारखेपासून बंद. मंडळाच्या बैठका कशा भरतात, लोकांना मी कसं वळण लावलं. शंकरराव एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होते. मुलीची आत्या सोजराबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिला भरून आलं असावं.

मग अंजना बाहेर आली. मला वाटलं पोहे घेऊन येईल. उजव्या काखेत साहेब होते. तिनं ते माझ्यापुढे पाटावर उभे केले. मग एका ताटलीत आतलं सामान आणून शेजारी ठेवलं. बिडीचं बंडल, काडेपेटी आणि आदल्या दिवशीचा मोजा. खरं तर त्याच्याही आधीचा.

नंतर मामाकडून कळलं. कंडक्टरनं बेवारशी पाय डेपोत कंट्रोलरपुढे, म्हणजे शंकररावांपुढे, आणून ठेवला. त्यांनी बुटातलं नाव वाचलं आणि पाय घरी आणला. आईनं साहेबांना ओळखलं आणि पाय आला, माझं पोरगं कुठंय, म्हणून तिनं टाहो फोडला. शेजारपाजारचे जमले. आत चिठ्ठी बिठ्ठी असेल म्हणून हात घातला तर बंडल निघालं. बंडल बघितल्यावर आई रडायची थांबली.

सोजराबाई म्हणाली, पोरगी बघायला गेलं की तिला चालून दाखवायला सांगतात, आज पाव्हण्यांनी चालावं. मी काय घाबरतो की काय. साहेब चढवले आणि दारापर्यंत गेलो. येताना भिंत धरली. भिंत जवळच होती.

बसलो, तर अंजना म्हणाली, “पाय दाखवा.” मुलीचे पाय बघायची पद्धत आहेच, तेव्हा मी पॉलिश केलेला बूट ऐटीत पुढे केला. ती म्हणाली, “ह्यो मघाच बघितला. तुमचा दाखवा.”

मी पट्टे सोडले. पातळ मोजा चिकटला होता, निघेना. तिनं कोमट पाण्याचं भगुलं आणलं, ते दोन्ही गुडघ्यांत धरलं, आणि एका हातानं पाणी सोडत सोडत मोजा सोडवला. चट्टा रुपयाएवढा झाला होता. तिनं तोंड वाकडं केलं नाही. मला त्या वेळी फार लाज वाटली. शिरूरला फेब्रुवारीत उकाडाही बराच असतो, थोडं त्याचंही असेल.

मग तिनं माझ्याकडे फोटोत बघते तसं बघितलं आणि म्हणाली, “मला एक हात हाय आन् त्यानं मी माझं समदं करते. पन तुमच्या पायाचं तुमीच बघायचं. ह्यो लाकडी आता म्हैनाभर न्हाई घालायचा. म्हैन्यानं मी दौंडला येते, पाय बघते, मग सांगते.”

तिला विचारायचे प्रश्न राहून गेले.

परत येताना मामा म्हणत होता की हे काही खरं दिसत नाही. मामाला माणसं कळत नाहीत. नकार द्यायचा असता तर दौंडला येते कशाला म्हणेल? हा जवळजवळ होकारच आहे. पोहे मात्र चांगले होते. शेवटी मिळाले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.
नवे संकल्प. आता हयगय नाही. साहेब ट्रंकेत बंद, किल्ली आईकडे. बिड्या आईनं चुलीत घातल्या. पाय स्वतः धुणार, स्वतः पुसणार, स्वतः बघणार. अंजनासाठी माणूस इतकं करू शकतो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार.
कुबड्यांवर ड्यूटी, त्यात सोलापूरच्या पार्सलची रास. घरी आल्या आल्या आडवा झालो. आईनं पाय धुतला. आजच्या दिवसापुरतं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार.
आजच्या दिवसापुरतं.

१ मार्च, बुधवार.
आई धुते, पण देखरेख माझी असते. रेल्वेतसुद्धा रूळ गँगमन टाकतो आणि इन्स्पेक्टर बघतो. काम इन्स्पेक्टरच्या नावावर लागतं. आज देखरेख करताना डोळा लागला.

५ मार्च, रविवार.
मंडळाची बैठक. विषय: ‘माझ्या जखमेवर मी कशी मात करतोय’. स्वानुभवामुळे भाषणाला वजन आलं. साखरबाईनं मध्येच ठराव मांडला की अध्यक्षपद ताईबाईंना, म्हणजे माझ्या आईला, द्यावं. भैरूनं हात वर केला. मी ठराव नियमबाह्य ठरवला. आई अपंग नाही, ती सभासदच होऊ शकत नाही. साखरबाई म्हणाली, मग तुमी बी व्हऊ नका, तुमचे दोन हात आन् दोन पाय त्याच हायत. बैठक बरखास्त केली. साखरबाई जाताना माझ्या कुबडीच्या काखेत फडक्याची घडी बांधून गेली. काख सोलते म्हणे. तिला पश्चात्ताप झाला असणार.

१२ मार्च, रविवार.
जखम भरली. एकदम स्वच्छ, कोरडी कातडी. वजनही उतरलंय, कारण आईनं डब्यातलं गोड बंद केलं. मेल लेट असली तर तेवढी एखादी जिलबी. मन लावून पाळलेल्या नियमांचं फळ मिळतंच. शिरूरला निरोप धाडला, कधीही या.

१८ मार्च, शनिवार.
उद्या येणार. नवा शर्ट. फोटो नव्या खिशात. लग्न बुद्धपौर्णिमेच्या आसपास धरायला हरकत नाही. मंडळाची शाखा शिरूरला काढावी, तिला तिथली चिटणीस करावी.

१९ मार्च, रविवार. संध्याकाळी.
अंजना आणि सोजराबाई आल्या. मी पाय पुढे केला. तिनं बोटानं दाबून पाहिलं, मागून पाहिलं, खालून पाहिलं. छान भरलंय म्हणाली, आणि मला बघून हसली. ते हसणं मी जन्मात विसरणार नाही. मी म्हटलं, सगळं स्वतः केलं.

मग तिनं विचारलं, पाण्यात काय टाकता. मी म्हटलं, पाणी शुद्ध असणं महत्त्वाचं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, चिमूटभर मीठ. अंजनानं विचारलं, पुसता कशानं. मी टॉवेल म्हणणार होतो. आई आतून म्हणाली, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, टावेल खरखरतो त्याला. अंजनानं विचारलं, मागची बाजू कवा बघता. आईच म्हणाली, दिवा लावायच्या आधी, उजेड आसतो तवा. आईला काही दाखवायचं नव्हतं. ती भाकरी थापता थापता सवयीनं बोलत होती, एवढंच.

अंजना उठली आणि आत गेली. चुलीपाशी दोघी बराच वेळ बोलत होत्या. मधून मधून हसत होत्या. मी बाहेर बसून ऐकत होतो आणि खूश होतो, कारण सासूसुनेचं इतक्या लवकर जमणं हा चांगला शकुन आहे. सोजराबाईला मी आरोग्यावर चार शब्द सांगितले. ती पदर लावून बसली.

बाहेर येऊन अंजना उभ्या उभ्याच म्हणाली, “सासू पसंत हाय मला. पोराचं आजून म्हैनाभर बघू.”

सोजराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि आईनं तिला पाणी दिलं. अंजना हसली नाही. तिनं आईचा हात धरून सांगितलं, की आजपासून ह्यांच्या पायाला तुमी हात लावायचा न्हाई. आई बरं म्हणाली. इतक्या पटकन बरं म्हणाली की मला धक्का बसला. निदान थोडी कुरकुर करायला हवी होती.

एसटीत बसवायला मी कुबड्यांवर स्टँडपर्यंत गेलो. गाडी हलताना अंजना खिडकीतून म्हणाली, “म्हैन्यानं येते. तुमाला भेटायला येते, पायाला न्हाई.” मी मान हलवली.

मला ती हवी आहे. ते जवळजवळ होकार वगैरे मी लिहिलं होतं, ते काही खरं नव्हतं. ती नाही म्हणाली तर मला फार वाईट वाटेल, इतकं मला आज कळलं.

घरी आलो तर आई ओट्यावर साखरबाईबरोबर पान लावत बसलेली. माझ्याकडे पाठ. मी आत गेलो. पाणी कोमट केलं, थोडं सांडलं. मीठ टाकलं. लुगड्याचा तुकडा दोरीवर सापडला. दिवा लावायला अजून वेळ होता, दाराशी बसलो आणि आरसा खिळ्यावरून काढला. खिळा ढिला झाला नाही. मोजा भिजत घातला.

मग साबण कुठे असतो, ते आईला विचारावं लागलं.